दोन नंबरची बाटली

चढावर मध्येच अप्पा थांबले. नाक जरा वर केलं आणि म्हणाले, "हितं गुऱ्हाळ कुठं लागलंय गं?"

त्यांना जर्मनीत येऊन तिसराच दिवस होता. आमचं फ्रायझिंग म्युनिकच्या उत्तरेला, विमानतळाच्या जवळ. गावाच्या कडेला वाइहेनस्टेफान नावाची टेकडी आहे. पूर्वी तिच्यावर बेनेडिक्टाइन साधूंचा मठ होता. आता तिथे म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचा तो विभाग आहे, जिथे बियर बनवण्याची रीतसर पदवी मिळते. आणि शेजारी, आपला जन्म १०४० सालचा सांगणारी एक ब्रुअरी. त्या सकाळी वारा आमच्या दिशेने होता. आत कुठेतरी सातूचा रस उकळत होता आणि त्याची वाफ टेकडीभर पसरली होती. मी त्या रस्त्याने अकरा वर्षं जातेय. माझ्या लेखी तो 'ब्रुअरीचा वास' होता, विषय संपला. अप्पांनी गुऱ्हाळ म्हटलं आणि तो वास बदलला तो बदललाच.

अप्पा कराडच्या बाजूचे. सगळं उसाचं रान. तरुणपणी बरीच वर्षं हंगामात ते गुळव्या म्हणून काम करायचे. गुऱ्हाळावर फक्त रस प्यायला आणि काकवी चाटायला गेलेल्यांसाठी सांगते, गुळव्या म्हणजे काहिलीचा मालक. चरकावर माणूस वेगळा, चुलवाणात जाळ घालणारा वेगळा. गुळव्याची नजर फक्त काहिलीत. रस तापला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी सोडायचं, वर आलेली मळी झाऱ्याने काढायची, फेसाचा रंग बघायचा, बुडबुडे कसे फुटतायत ते बघायचं. पाक आलाय असं वाटलं की थेंबभर गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का, ते बोटांनी चाचपायचं. घाईने उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर काळवंडतो. तिथे ना थर्मामीटर, ना घड्याळ. नाक, डोळे आणि दोन बोटं, एवढंच सामान.

"गुऱ्हाळ नाही अप्पा. बियर बनते इथे."

"हां. म्हंजे दारूचं गुऱ्हाळ," असं म्हणून ते चालायला लागले. हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला होता, त्यांचं त्यांना कळलं नसावं.

आता माझं सांगते. मी बिनदारूची बियर पिते. आवडीने पिते. सुरुवात मात्र आवडीने झाली नाही. आमच्या मराठी मंडळींच्या गोतावळ्यात गाडी चालवायची जबाबदारी कधीतरी माझ्यावर पडली आणि मग ती कायमची झाली. इथे गाडी चालवताना रक्तात मद्याचं प्रमाण हजारी ०.५ च्या खाली लागतं, नवशिक्या चालकांना आणि एकवीस वर्षांखालच्यांना तर शून्य. मग सगळे अर्ध्या लिटरचे उंच ग्लास घेऊन बसलेले आणि मी सफरचंदाच्या रसात सोडा घालून. वर्षभर ते केलं. एकदा वेट्रेसनेच विचारलं, आल्कोहोलफ्राय वाइसबियर आणू का? वाइसबियर म्हणजे गव्हाची बियर. ग्लास तसाच उंच, रंग तसाच, वर फेसाची टोपी तशीच. टेबलावर कुणाला फरक कळला नाही. पहिली काही वर्षं मी ती चवीसाठी नव्हे, ग्लाससाठी प्यायले, हे कबूल करून टाकते.

आल्कोहोलफ्राय या शब्दावर मी बरंच अडखळले. फ्राय म्हणजे मुक्त. 'दारूमुक्त बियर' म्हटलं की व्यसनमुक्ती केंद्राचा फलक डोळ्यांपुढे येतो. 'बिनदारूची' म्हटलं की बिनसाखरेचा चहा आठवतो, आणि ते जास्त जवळचं वाटतं. तसं पाहिलं तर हा शब्द पूर्ण खराही नाही. ०.५ टक्क्यापर्यंत मद्यार्क असला तरी बाटलीवर आल्कोहोलफ्राय लिहिता येतं. त्याहून कडक हिशेब हवा असेल तर ०.० लिहिलेली बाटली शोधायची. याबद्दल जर्मन माणसाला छेडलं की तो ठरलेलं उत्तर देतो, पिकलेल्या केळ्यातही असतं, पावातही असतं, फळांच्या रसातही असतं. खरं आहे ते. पण ते इतक्या तयारीने येतं की आपल्याआधी शंभर जणांनी विचारलेलं असणार हे कळतं.

मला ही बियर चवीने पहिल्यांदा कळली असं वाटलं ते अर्धमॅरेथॉनच्या शेवटी. म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये पळत शिरले, गळ्यात पदक पडलं आणि पुढच्या टेबलावर बिनदारूची वाइसबियर. इथल्या शर्यतींमध्ये हे इतकं रुळलंय की आपल्याकडच्या लिंबू-सरबताइतकं साधं वाटतं. त्यामागे थोडं शास्त्रही आहे. २००९ च्या म्युनिक मॅरेथॉनमध्ये इथल्याच तांत्रिक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २७७ पुरुष धावपटूंना शर्यतीआधी तीन आठवडे आणि नंतर दोन आठवडे रोज लिटर-दीड लिटर पेय दिलं. कुणाला खरी बिनदारूची बियर, कुणाला तशीच दिसणारी पण तिच्यातले पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींतून येणारे काही घटक, नसलेली. खरी पिणाऱ्यांमध्ये सूज दाखवणाऱ्या खुणा आणि सर्दी-पडसं कमी आढळलं. निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले. अभ्यासाला पैसे एका वाइसबियर कंपनीचेच होते, हेही जाता जाता लक्षात ठेवावं. मला त्या क्षणी पॉलिफेनॉलचं काही नव्हतं. एकवीस किलोमीटर पळून घशाला कोरड पडलेली, अंगावर मिठाचे पांढरे डाग. तो गार, फेसाळ, जरासा कडसर घोट उतरला आणि मी ठरवून टाकलं की जगात याहून चांगलं पेय नाही. पुढच्या आठवड्यात तीच बियर आणून घरी सोफ्यावर बसून प्यायले. अळणी लागली.

हे मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांना सांगितलं. ते तीसेक वर्षं एका ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत होते. निवृत्त झाले तरी कुठलाही ग्लास तोंडाला लावायच्या आधी उजेडात धरतात, अगदी दाताच्या डॉक्टरकडचा पाण्याचासुद्धा. ते म्हणाले, "'मला चांगली लागली' हा निकाल नाही. ती तुमची त्या वेळची तब्येत."

बिनदारूची बियर म्हणजे आजकालच्या आरोग्यवाल्यांचं खूळ, असा माझा समज त्यांनीच मोडला. पूर्व जर्मनीत गाडी चालवताना थेंबही चालत नसे, म्हणून १९७२ च्या सुमारास पूर्व बर्लिनमध्ये 'आउबी' आली. आउटोफारर-बियर, म्हणजे सरळ सरळ 'गाडीवाल्यांची बियर'. पश्चिमेत फ्रँकफर्टच्या बिंडिंग ब्रुअरीने १९७९ मध्ये क्लाउस्टालर काढली आणि ती पुढे जगभर गेली. त्या काळातल्या इतर काही बाटल्यांबद्दल आजोबा काय बोलतात ते मी लिहीत नाही. "गाडीवाल्याला शिक्षा म्हणून द्यायचे," एवढं वाक्य पुरे.

दारू न ठेवता बियर करायच्या मुळात दोनच रीती. पहिली, दारू होऊच द्यायची नाही. सातूला मोड आणून, वाळवून, भरडून, गरम पाण्यात त्याचा गोड रस काढतात. तो हॉप्स, म्हणजे बियरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं, घालून उकळतात. मग यीस्ट सोडतात. इथे यीस्टला पोटभर खाऊ द्यायचं नाही. रस शून्य अंशाच्या जवळपास गार ठेवायचा, म्हणजे यीस्ट कुडकुडत जेमतेम काम करतं, किंवा मध्येच आंबवण थांबवायची, किंवा असं यीस्ट वापरायचं ज्याला माल्टोज ही सातूच्या रसातली मुख्य साखर पचतच नाही. दुसरी रीत, आधी पूर्ण बियर करायची आणि मग दारू काढून घ्यायची. दारू ७८ अंशांना उकळते, पण तेवढं तापवलं तर बियरचा काढा होईल. म्हणून हवेचा दाब कमी करतात, मग चाळिशीच्या आसपासच ती उडून जाते. नाहीतर बारीक पडद्यांतून गाळून वेगळी करतात.

दोन्हींत फसायच्या जागा आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिल्या रीतीत साखर मागे राहते, आणि राहतो तो कच्च्या रसाचा वास. पूर्ण आंबवणीत यीस्ट हे वास पुसून टाकतं, इथे त्याला तेवढी उसंतच मिळत नाही. वर आणखी एक गंमत. दारू असली की असे वास ती द्रवात धरून ठेवते. दारू नसली की ते मोकळे सुटून थेट नाकात शिरतात. दुसऱ्या रीतीत दारूबरोबर चांगले वासही पळतात. वाइसबियरला यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो. त्यातलं केळं फार चंचल, ते आधी जातं. मागे राहतं ते स्वच्छ, पण पाणचट. थोडक्यात, एक बियर नीट न शिजलेली आणि दुसरी शिजवून रस काढून घेतलेली.

अप्पांनी मधुमेहानंतर बिनसाखरेचा चहा सुरू केला तेव्हा पहिल्याच आठवड्यात आईला म्हणाले होते, "पावडर बदल. साखर सगळी पापं झाकत हुती." आजोबांना मी हे भाषांतर करून सांगितलं. त्यांनी खिशातून वही काढून लिहून घेतलं आणि म्हणाले, आमच्या धंद्यात साखरेच्या जागी दारू म्हणा.

बाटल्या घेऊन बसायची कल्पना त्यांचीच. अप्पा आल्यावरच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी, आमच्या बाल्कनीत. सहा बाटल्या. त्यांनी त्या घरूनच चांदीच्या कागदात गुंडाळून आणल्या होत्या, वर मार्करने एक ते सहा आकडे. "ही दोन नंबरची," म्हणून दुसरी बाटली पुढे सरकवली तेव्हा अप्पा आणि मी एकदमच हसलो. दोन नंबरच्या बाटलीचा आपल्याकडचा अर्थ त्यांना समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली आणि विनोद तेवढ्यात मेला.

गुण द्यायची पद्धत त्यांनी डीएलजीची घेतली. ही १८८५ साली स्थापन झालेली जर्मन शेतीसंस्था. हॅमपासून पावापर्यंत सगळ्याला ती गुण देते. बियरला पाच कसोट्या, प्रत्येकीला पाच गुण. वास. चवीचा निर्मळपणा. मग आली फोलमुंडिगकाइट. शब्दशः 'तोंड भरून असणं', घोटाला अंग किती आहे ते. मी अप्पांना म्हटलं, भरीवपणा. ते म्हणाले, "ताक दाट हाय का पाणी, तेच की." हो, तेच. चौथी रेत्सेन्त्स. हिच्यापुढे मी हात टेकले. वायूची चुणचुण, पण नुसती चुणचुण नव्हे. घोट गेल्यावर जीभ पुन्हा जागी होते ते. शेवटी मी 'तरतरी' म्हटलं आणि अजून त्याहून चांगला शब्द सापडलेला नाही. पाचवी, कडवटपणाचा दर्जा. कडू किती हे नाही, तर कडू कसं. कारल्यासारखं चिकटून बसतं, की मेथीसारखं येऊन निघून जातं.

वाइन चाखणारे घोट थुंकतात, बियरवाले गिळतात, कारण हॉप्सचं कडू गिळल्यावरच नीट कळतं असं ते मानतात. सहा खऱ्या बियर गिळल्या की सहावीचा निकाल कोण देतो, बियर की परीक्षक, हा प्रश्नच असतो. "आज पहिल्यांदा," आजोबा म्हणाले, "शेवटची बाटली पहिलीच्याच डोक्याने तपासायची आहे."

अप्पा पिणार नव्हते. आजोबांना वाटलं, वयस्कर माणूस, पोट नाजूक असेल. त्यांनी बोटांच्या चिमटीने दाखवलं, अर्धा टक्का, इतकंसं. मी भाषांतर केलं. अप्पा म्हणाले, "त्यास्नी सांग, माळ घातली तवा मी टक्के इचारलं न्हवतं." हे वाक्य जर्मनमध्ये नेताना माळ म्हणजे काय, पंढरपूर म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागली. ऐकून आजोबांनी मान डोलावली आणि अप्पांपुढेही एक ग्लास ठेवला. नाकासाठी.

पहिली बाटली हेल्स, फिकट सोनेरी. फेस पटकन बसला, वास ओल्या गवतासारखा, चव स्वच्छ आणि कुठेही न थांबणारी. मी सगळीकडे तीन-तीन देऊन मोकळी झाले.

मग ती दोन नंबरची. ओततानाच वास आला. मी ग्लास नाकाशी नेईपर्यंत आजोबांनी नाक मुरडलंसुद्धा. "व्युर्त्से," म्हणाले. म्हणजे तो सातूचा कच्चा रस. मी घोट घेतला. आधी गोड, मग आणखी गोड, मग भाजलेल्या पिठासारखं काहीतरी, आणि कडू कुठेतरी लांब, शेजारच्या घरात असावं तसं. सातूचं पीठ दूध-गुळात कालवताना येतो ना, अगदी तो वास. आजोबांनी वासाला दोन लिहिले, निर्मळपणाला दीड. मला म्हणाले, हा वास मला माहितीय, सकाळी साडेसहाला उकळत्या हंड्यावर येतो. कामाच्या सुरुवातीचा वास आहे हा. संध्याकाळी ग्लासात तो आला तर कुणीतरी काम अर्धं टाकून घरी गेलंय.

अप्पांनी ग्लास उचलला. डोळे मिटले. नाक ग्लासात जवळजवळ बुडवून दोनदा वास घेतला, मग ग्लास जरा हलवून तिसऱ्यांदा.

"ही बेस हाय," म्हणाले. "मळी काढून झालीय, पाक अजून यायचाय. काकवीच्या अलीकडं. ह्याच टायमाला आम्ही पोरांना वाटीत द्यायचो."

आता पंचाईत झाली. दोघे एकाच वासाबद्दल बोलत होते. दोघांनी त्याची जागाही जवळजवळ तीच सांगितली, उकळण्याच्या मध्यात कुठेतरी. दोघांनी आयुष्य तापलेल्या हंड्यावर वाकून काढलेलं. एकाच्या मते ते अर्धवट टाकलेलं काम होतं आणि दुसऱ्याच्या मते कामातला सगळ्यात चांगला क्षण. मी भाषांतर करून दोन्हीकडे पोचवलं. आजोबा सभ्यपणे म्हणाले, तुमच्या वडिलांना बियरची सवय नाही. हे मी अप्पांना सांगितलं नाही.

तिसरी पिल्सनर. कोरडी, कडू, बरी. चौथी वाइसबियर, आणि ओतण्याचा मान आजोबांनी स्वतःकडे ठेवला. उंच ग्लास आधी गार पाण्याने विसळून घेतला, कोरडा ग्लास फेस फार माजवतो म्हणून. मग ग्लास आडवा, बाटली आडवी, दोघांची तोंडं एकमेकांना लागलेली, आणि बियर कडेकडेने सरकत आत. शेवटचा दोन-तीन बोटं भाग बाटलीत ठेवून ती गोल गोल फिरवली, तळाचा यीस्टचा साका सुटा केला आणि तो ढगासारखा वरून सोडला. ग्लास गढूळ सोनेरी झाला. फेस काठाच्या वर दोन बोटं येऊन तिथेच उभा राहिला. अप्पा टक लावून बघत होते. फेस वाचणारा माणूस तो.

ही चांगली होती. केळं होतं, शिकरणासारखं ढोबळ नाही, कुणी पलीकडच्या खोलीत सोललं असावं इतकंच. लवंग त्याहून स्पष्ट. गव्हातली प्रथिनं आणि तो साका यांमुळे घोटाला अंग होतं, दारू गेल्याचं भगदाड त्यांनी बरंच बुजवलेलं. बिनदारूच्या प्रकारांत वाइसबियर सगळ्यात जास्त निभावून नेते हे माझं मत त्या संध्याकाळी पक्कं झालं. पिल्सनरजवळ लपायला काही नसतं, हिच्याजवळ गढूळपणा आहे. मी भरीवपणाला साडेचार दिले. आजोबांनी चार. आमच्यात हिच्यावरून काही भांडण झालं नाही, म्हणून हिच्याबद्दल एवढंच.

पाचवी पुन्हा हेल्स. मला आवडली. पहिलीपेक्षा निश्चित गोलाई जास्त, कडू जास्त नीटस, वासात जरा मधही. मी चार, चार, साडेतीन असे गुण मांडत होते. अप्पांनी ग्लास नाकाशी धरला, खाली ठेवला, आणि कुणीच काही विचारलं नसताना म्हणाले, "ही मघाचीच की गं. पैली."

मी भाषांतर केलं. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पहिल्या बाटलीचा कागद उतरवला. मग पाचवीचा. एकच लेबल. परीक्षकांची परीक्षा घ्यायला एक नमुना दोनदा ठेवायची जुनी चाल आहे म्हणे. माझे दोन्ही रकाने शेजारी शेजारी होते, एकात तीन-तीन, दुसऱ्यात चार-चार. मधल्या काळात गोड बाटली येऊन गेली होती, पोटात थोडा पाव गेला होता, ऊन उतरलं होतं. माझी त्या वेळची तब्येत, दुसरं काय. आजोबांनी उठून अप्पांशी हात मिळवला. मग पेन उचललं, दोन नंबरच्या बाटलीच्या रकान्यापाशी नेलं, आणि दीडचा आकडा तसाच ठेवून पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात प्रामाणिक गुण तोच.

सहावीबद्दल लिहायला मला काही आठवत नाही. कागदावर सरासरी तीन दिसतेय.

आजोबा गेल्यावर मी दोन नंबरचं लेबल वाचत बसले. शंभर मिलिलीटरला साडेपाच ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम. अप्पांना म्हटलं, तुमच्या माळेचं सोडा, तुमच्या शुगरलाच ही चालली नसती. "तरी वास फुकट असतो," म्हणाले.

मला जरा खोडी काढायची लहर आली. म्हटलं, "अप्पा, पुण्यात आलात की नीरा केंद्रावर थांबल्याशिवाय राहत नाही तुम्ही. नीरा म्हणजे तरी काय? रात्रभर शिंदीच्या झाडाला मडकं बांधायचं, पहाटे उतरवायचं, लगेच बर्फात. ऊन लागलं की तीच ताडी. ही दोन नंबरची बियरसुद्धा तशीच, गार ठेवून आंबू न दिलेली. मग नीरेत कधी थोडी झालेली नसेल कशावरून?"

ते बराच वेळ गप्प होते. समोरच्या झाडात कुठलासा पक्षी दिवेलागण झाली तरी गात होता. इथल्या जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि अप्पांना त्याची सवय होत नव्हती. शेवटी म्हणाले, "नीरा सकाळची असती." आणि उठून हातपाय धुवायला गेले. हरिपाठाची वेळ झाली होती.

रविवारी इथे दुकानं बंद. सोमवारी पाऊस. रिकाम्या बाटल्या पिशवीत बाल्कनीतच राहिल्या, विसळायच्या राहून गेल्या. मंगळवारी ऊन पडलं, तेव्हा त्या घेऊन आम्ही सुपरमार्केटात गेलो. बियरच्या काचेच्या बाटलीमागे आठ सेंट अनामत असते. मशीनच्या गोल तोंडात बाटली आडवी सरकवायची, आतला पट्टा ती ओढून घेतो, आणि पडद्यावर रक्कम वाढते. घरी आल्या दिवसापासून हे काम अप्पांनी स्वतःकडे घेतलं होतं. आठ सेंटचे सात रुपये, हा हिशेब ते दर वेळी मोठ्याने करत. रिकाम्या बाटलीचे सात रुपये देणारा देश त्यांना मनापासून आवडला होता.

चांदीचे कागद काढल्यामुळे आता बाटल्यांवर आकडे नव्हते. अप्पा एकेक उचलत होते, तोंड नाकाशी नेत होते आणि मग मशीनमध्ये सोडत होते. मागे रांग लागली होती. एका बाईंनी घड्याळ बघितलं. मी हळूच म्हटलं, अप्पा, चला. चौथ्या बाटलीपाशी ते थांबले. लेबल त्यांना वाचता येत नव्हतं, पण मला येत होतं. ती दोन नंबरचीच होती. त्यांनी एकदा वास घेतला, बाटली जरा लांब धरून तळाशी उरलेला घोटभर साका उजेडात बघितला, आणि पुन्हा वास घेतला.

"आंबली," म्हणाले, आणि मशीनमध्ये ढकलून पुढची उचलली.